तौनो कांगासचा डावा हात

९ जानेवारी, मंगळवार

डॉ. बेलांजेंनी अभ्यासासाठी एक जाड वही दिली आहे. तिच्यात फक्त आकडे लिहायचे, मतं नाहीत, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मतं कुठेतरी ठेवायला हवीतच, म्हणून ही दुसरी वही. येताना औषधाच्या दुकानातून घेतली.

बावीस वर्षं मी स्ट्रोक झालेल्या माणसांचे हात बघतेय. हात वर करा, मूठ उघडा, अंगठा करंगळीला लावा. माझ्यासमोर जो हात कपाळापर्यंत जातो, तोच घरी गेल्यावर दिवसभर मांडीवर पडून असतो. हे मला माहीत होतं, पण कुणाला दाखवणार कसं? आता दाखवता येईल. दोन्ही मनगटांना घड्याळासारखे पट्टे बांधायचे, ते आंघोळीपुरतेच काढायचे. हात किती हलला, कधी हलला, मिनिटामिनिटाची नोंद त्यात होते. दर मंगळवारी मी ती उतरवून घेणार. जोडीला आमची जुनी ठोकळ्यांची पेटी आहेच. एका कप्प्यातले लाकडी ठोकळे मधल्या फळीवरून दुसऱ्या कप्प्यात टाकायचे, एका मिनिटात होतील तेवढे. माझे सत्तर होतात.

बारा जण आहेत. आज पहिले आले तौनो कांगास. वय अडुसष्ट, मूळचे फिनिश, राहायला थंडर बेबाहेरच्या लापे गावात. गोदीवरच्या धान्याच्या कोठारांवर पस्तीस वर्षं नोकरी केली. सप्टेंबरमध्ये स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. पाय सावरला, काठी घेऊन चालतात. हात सावरला नाही. आणि माणूस डावखुरा.

ठोकळे तीन झाले. चौथा बोटांत आला होता, पण फळीला आपटून खाली पडला.

"हा अर्धा धर," ते म्हणाले.

"अर्धा नसतो."

"मग तुझं गणित कच्चं आहे."

बायको ऐली सोबत होती. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी दोघांना नियम समजावून सांगितला. आठवड्याचे चार दिवस हाताचा व्यायाम इथे, माझ्याकडे. सहा आठवड्यांत घरचा आकडा वर गेला, तर पुढचे सहा आठवडे तसेच चालू. नाही गेला, तर जागा दुसऱ्याला, कारण रांग मोठी आहे. शेवटी म्हटलं, "तेव्हा माझ्या हातात काही राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

ऐलीने विचारलं, "हात कशासाठी हलला, हे त्या पट्ट्याला कळतं का?"

"नाही. हलला, एवढंच कळतं."

तिने मान हलवली. बाई हुशार आहे. बाकी कुणाच्या घरच्यांनी काही विचारलं नव्हतं.

१६ जानेवारी, मंगळवार

तौनो: उजवा हात रोज सरासरी साडेसहा तास. डावा अकरा मिनिटं.

मी आलेख त्यांच्यासमोर धरला. उजव्याचा डोंगर, डाव्याची सपाट रेघ. त्यांनी चष्मा घालून नीट बघितला आणि म्हणाले, "आमच्या तळ्यासारखा दिसतोय. हिवाळ्यातल्या."

मला हसू आलं नाही. ऐलीकडे वळून विचारलं, शर्टाची बटणं कोण लावतं? ती लावते. पावाला लोणी? ती. बुटांचे बंद? ती. मी म्हटलं, "तुमच्या मायेने त्यांचा हात मरतोय, ऐली."

तौनो म्हणाले, "तिला नको बोलूस. मला बोल."

कधीकधी कडक बोलावं लागतं. लोकांना नंतर पटतं.

२१ जानेवारी, रविवार

लेन, माझा नवरा, म्हणत होता, तळ्यावर जाऊ. बर्फ दीड फूट झालंय, भोकं पाडून बसू, दोन-चार पिकरेल मासे तरी लागतील. तो कामाला आहे ती मालबोट नव्या वर्षापासून धक्क्याला लागली आहे आणि मार्चपर्यंत तो घरी आहे, म्हणजे रविवार पुष्कळ आहेत. मला बारा जणांचे आलेख एका मापात आणायचे होते. तो एकटाच जाऊन आला. सूप छान केलं होतं.

२३ जानेवारी, मंगळवार

तौनो: डावा नऊ मिनिटं. ठोकळे तीन. ऐली आत आलीच नाही, बाहेर बाकावर बसून राहिली.

३० जानेवारी, मंगळवार

डावा दहा मिनिटं.

आज मी चिडले नाही. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, "इथे तुम्ही मला कप उचलून दाखवता. दोनदा सांडता, पण उचलता. घरी का नाही?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "घरी कप पडला की पुसायला ती वाकते. तिचे गुडघे गेलेत. इथे पडला तर तू वाकतेस. तुला त्याचा पगार मिळतो."

सबब चांगली आहे. बावीस वर्षांत ऐकलेल्यांपैकी सर्वांत चांगली. पण सबबच.

६ फेब्रुवारी, मंगळवार

बेलांजेंनी यादी मागितली, सहाव्या आठवड्यात कोण गळणार याची. चार नावं दिली. तौनो पहिले. बेलांजे म्हणाल्या, बारातले चार गेले तर अभ्यासच लंगडा पडेल, जरा जोर लावा.

मी जोर लावला. आज ऐलीला मुद्दाम आत बोलावलं आणि सांगितलं, "दोन आठवडे उरलेत. त्यानंतर घरी कागद बघून व्यायाम करायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा येऊन दाखवायचं, बास. मी किती हात असे गेलेले पाहिलेत, सांगू? मूठ आवळत जाते, कोपर छातीशी येतं, आणि मग ते उघडत नाही."

ऐली म्हणाली, "किती मिनिटं लागतील?"

"काय?"

"रोजची. किती झाली म्हणजे ठेवाल?"

मी म्हटलं, तासभर झाला तरी पुष्कळ. तिने पर्समधून किराणाची यादी काढली आणि त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

एक तास पन्नास मिनिटं!

आकडा बघून आधी वाटलं पट्टे उलटसुलट बांधले असतील. नाही, बरोबर होते. बुधवारपासून रोज, दुपारी चार ते सहाच्या मधे, डावा हात हलतोय. आणि किती शिस्तीत. आलेख पाहिला तर कुंपणाच्या खुंटांसारखा, एक वर, एक खाली, सगळे सारख्या उंचीचे. त्या दोन तासांत उजवा हात अगदी गप्प. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय ते त्यांनी मनावर घेतलंय, चांगल्या हाताला मधे येऊ देत नाहीत.

ठोकळे चार. ते मागून वाढतील.

मी सकाळीच पर्शियन, ते इथले गुलाबी साखरेचे गोड पाव, आणले होते, त्यातला एक तौनोंसमोर ठेवला. त्यांनी खाल्ला नाही, गुलाबी साखरेला बोट लावून बघितलं. मी म्हटलं, अहो, आनंद करा. ऐली म्हणाली, "घरी खाईल तो." तिने कागदात बांधून घेतला. तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. विचारलं तर म्हणाली, बर्फ उपसताना मुरगळलं.

लेनला जेवताना सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोन तास रोज? काय करतो तो दोन तास?" मी म्हटलं, व्यायाम. तो म्हणाला, "मला वीस मिनिटंही जमणार नाही."

२० फेब्रुवारी, मंगळवार

सहावा आठवडा. तौनो: दोन तास दहा मिनिटं. बारा जणांत सर्वांत मोठी वाढ त्यांची. राहिले.

बेलांजे माझा आलेख हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मेमध्ये टोरोंटोला परिषद आहे. तिथे हे मांडायचं आणि मांडायचं मी, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. बावीस वर्षांत मला कुणी व्यासपीठावर बोलावलेलं नाही. बेलांजेंनी फक्त एक विचारलं, ठोकळे का वाढत नाहीत? मी म्हटलं, वापर आधी वाढतो, कौशल्य नंतर येतं. त्यांना पटलं. मलाही पटलं.

तौनोंना सांगितलं, तुम्ही राहताय. त्यांनी ऐलीकडे बघितलं, ऐलीने जमिनीकडे. हे फिनिश लोक आनंदाचा गाजावाजा करत नाहीत. थंडर बेमध्ये जन्म गेला माझा, मला काही नवीन नाही.

४ मार्च, रविवार

टोरोंटोचा मजकूर लिहिला. लेन दोनदा दारात येऊन गेला. तिसऱ्यांदा कोट घालून आला, म्हणाला, "तळ्यावरचं बर्फ आता फार दिवस नाही." मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.

६ मार्च, मंगळवार

तौनो आले नाहीत. फोन केला, कुणी उचलला नाही. त्यांच्या डाव्या पट्ट्याची बॅटरी या आठवड्यात संपणार. नोंद मधेच तुटली तर आलेखाला भोक पडेल. गुरुवारी दुपार मोकळी आहे, स्वतःच जाऊन बदलून येते.

८ मार्च, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

साडेचारला पोचले. अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुरांड्यातून धूर येत होता. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं, त्या बाजूला कुणी कुलूप लावत नाही. आतल्या पडवीत बूट काढले आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेतून बघितलं.

दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून बसले होते, गुडघ्याला गुडघे लागतील इतके जवळ. ऐलीने त्यांचा डावा हात धरला होता, एक हात मनगटाला, दुसरा कोपराखाली. आणि ती तो हात पुढे-मागे ओढत होती, लांब करवत दोघं मिळून ओढतात तसा. तौनो डोळे मिटून बसले होते.

"ढकलू नकोस," ते म्हणत होते. "नुसतं ओढायचं. ढकललं की पातं वाकतं."

"चाळीस वर्षं हेच ऐकतेय."

"एकेचाळीस. आणि अजून ढकलतेस."

"मग आण दुसरी कुणी."

"दुसरीला माझी करवत कुठे माहिताय."

आणि दोघं हसले. तौनोंना हसताना मी आजवर पाहिलेलं नाही. पुढचा एक दात किंचित तुटलेला आहे, तेही आज कळलं.

मी दार ढकललं. ऐलीने हात सोडला. तो त्यांच्या मांडीवर पडला.

"हा हात तुम्ही हलवता?" मी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज. चार वाजता बसतो."

तौनो म्हणाले, "मी तिला करायला लावलं."

"खोटं," ऐली म्हणाली. "मला सुचलं. तो नको म्हणत होता."

"म्हणजे हे सगळे आकडे त्यांचे नाहीत. तुमचे आहेत."

"तुम्हीच म्हणालात, हलला एवढंच कळतं."

हे तिने उर्मटपणे म्हटलं नाही. खरंच तसं म्हटलं नाही. पण मला ते झोंबलं. माझ्या डोळ्यांपुढे टोरोंटोचं व्यासपीठ होतं, बेलांजे होत्या, कुंपणासारखा तो आलेख होता. मी बोलत सुटले. हा विश्वासघात आहे म्हटलं. रांगेत एक माणूस बसलाय, त्याची जागा तुम्ही अडवलीत म्हटलं. आणि म्हटलं, अशा लुळ्या हाताला दोन-दोन तास ओढलं तर खांदा निखळतो, कायमचा, आणि तो तुम्ही निखळवाल, ऐली.

(तिची पकड चुकीची नव्हती. कोपराला खालून आधार होता, खांद्यावर ताण येत नव्हता. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.)

तौनो म्हणाले, "थांब, मॉरीन. ऐक. हे आठ-दहा दिवस मी..."

"मला आता काही ऐकायचं नाही," मी म्हटलं. आणखी एक सबब ऐकण्याची ताकद नव्हती माझ्यात. मी खाली बसून दोन्ही पट्टे सोडले. ऐलीने तेवढ्यात कॉफी ओतली होती, बाजूला वेलचीच्या पावाचे काप ठेवले होते. घरात आलेल्या माणसाला त्यांच्यात कॉफी दिल्याशिवाय सोडत नाहीत, मग तो कशासाठीही आलेला असो. मी घेतली नाही.

९ मार्च, शुक्रवार

बेलांजेंना सांगितलं. त्यांनी माझा आलेख पुन्हा काढून बघितला. मग म्हणाल्या, पहिल्या दिवसापासूनची नोंद रद्द करा, बारातले अकरा झाले असं लिहा. फॉर्मवर "कारण" अशी चौकट आहे. मी लिहिलं, "सहभागी व्यक्तीकडून नियमभंग."

बेलांजेंनी विचारलं, "तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलं होतं?"

"नियम," मी म्हटलं.

त्यांच्या जागी सोमवारपासून दुसरा माणूस येईल. तौनोंना घरच्या व्यायामाचा कागद पोस्टाने पाठवला. पंधरा दिवसांनी यायची तारीख त्यावरच लिहिली.

लेनला सांगितलं. तो म्हणाला, "दोन तास रोज. मनगट मुरगळलेल्या बाईने." मी म्हटलं, प्रश्न तो नाहीये. तो म्हणाला, बरं.

२१ मार्च, बुधवार

लेन गेला. बोटीची डागडुजी सुरू झाली, रविवारी निघतील. आता डिसेंबरपर्यंत मधेमधे दोन दिवस. हा हिवाळा कसा गेला कळलंच नाही. बर्फाला भोक पाडायचं त्याचं अवजार पडवीत तसंच उभं होतं, मी आत ठेवलं.

१७ एप्रिल, मंगळवार

कांगास पंधरवड्याच्या दोन्ही तारखांना आले नाहीत. फोन केला. ऐलीने उचलला.

"कसे आहेत?"

"ठीक."

"व्यायाम?"

"कागद भिंतीवर लावलाय."

"द्या त्यांना, बोलते."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तो बाहेर गेलाय."

११ मे, शुक्रवार

टोरोंटो झालं. मी अकरा जणांबद्दल बोलले, पंधरा मिनिटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बारावा कोण, हे कुणी विचारलं नाही. परत येताना विमानात खिडकीची जागा होती, सगळा वेळ खाली नुसतं समुद्राएवढं तळं दिसत होतं. मला वाटलं होतं, आज मला खूप बरं वाटेल.

७ जून, गुरुवार

जुन्या फायली काढून टाकत होते. रद्द झालेली नोंद ठेवायची नसते. तौनोंची फाईल पुसण्याआधी सहज उघडली. आधी मी फक्त दिवसाची बेरीज बघत असे. शेवटच्या आठवड्याची नोंद तर कधी उतरवूनच बघितली नव्हती, पट्टे ड्रॉवरमध्ये टाकले ते तिथेच होते. डाव्याची बॅटरी संपली होती, पण जोडला तर नोंद शाबूत निघाली. आज मिनिटं बघितली.

फेब्रुवारीत चार ते सहा, कुंपणाचे खुंट. सगळे सारखे. ते ऐलीचे.

२६ फेब्रुवारीपासून ते सारखे राहत नाहीत. दहा-बारा खुंटांनंतर एक वेडावाकडा झटका. उंची वेगळी, वेळ चुकलेली. १ मार्चला असे झटके चाळीस. ५ मार्चला दोनशेच्या वर.

आणि सकाळी सव्वासातला, जेव्हा ऐलीने हात धरलेला नाही, उजवा हातही हलतोय आणि डावाही, दोन्ही थोडे थोडे, जसे जेवताना हलतात. तीन मिनिटं. मग सात. मग चौदा. ८ मार्चला सकाळी बावीस मिनिटं.

ठोकळे मोजायला ते ६ तारखेला आले असते, तर किती झाले असते मला माहीत नाही.

मी फाईल पुसली नाही. खुर्चीत बसून राहिले. आमची मदतनीस दोनदा विचारून गेली, बरं नाही का.

१२ जून, मंगळवार

लापेला गेले. फोन न करता, कारण फोन केला असता तर नको म्हणाले असते.

तौनो घरामागे बाकावर बसले होते, उन्हाला. हात बघितला. लिहायला नको वाटतं, पण लिहिते. कोपर छातीशी आलंय. मूठ आवळलेली, अंगठा आत. तळव्यात ऐलीने रुमालाची गुंडाळी कोंबली आहे, नखं रुतू नयेत म्हणून. माझ्याच तोंडून तिला फेब्रुवारीत ज्याचं वर्णन ऐकायला मिळालं, अगदी तसा हात.

मी शेजारी बसले. म्हटलं, "मार्चमध्ये तुम्ही ओढत होता."

"हो."

"मला सांगायला लागला होता."

"हो."

त्यांनी आवाज चढवला नाही. मग स्वतःच सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा करवतीचा खेळ चालू असताना त्यांना वाटलं, आपण ओढलं. ऐलीला म्हणाले, सोड जरा. तिने हात सैल केला, नुसता खालून धरला. हात मागे आला. एवढासा. ती मुलीसारखी रडली म्हणे. मग रोज जरा जास्त. सकाळी कपाचा कान धरू लागले, ती टेबलाखाली जुना टॉवेल अंथरून ठेवायची, सांडलं तर वाकायला नको. ६ मार्चला माझ्याकडे मुद्दाम आले नाहीत, कारण त्यांना अजून आठ दिवस हवे होते. एकदम दहा ठोकळे टाकून दाखवायचे होते. तोवर व्यायामाला येत तेव्हाही माझ्यासमोर हात मुद्दाम ओढला नाही.

"मग थांबलात का?" मी विचारलं. "मी पट्टे नेले, हात तर नेला नव्हता."

"तू तिला सांगितलंस, तू त्याचा खांदा निखळवशील." ते तळ्याकडे बघत होते. "त्या दिवसापासून तिने हाताला हात लावला नाही. मी म्हणायचो, बस, ओढ. ती म्हणायची, नाही, काही झालं तर? मी एकट्याने करून बघितलं. एकट्याने करवत चालत नाही."

"दवाखान्यात यायचं होतं."

"कशाला? तू मोजायला?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. औषधाची सुई देऊन, पट्टी बांधून, रोज ताण देऊन हात थोडा सैल होईल. मूठ धुता येईल इतकी उघडेल. मार्चमधला हात परत येईल असं मी सांगू शकत नाही. बहुतेक नाही येणार.

"मग तू का आलीस?"

"मी चुकले म्हणून."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "ते मला सांगून काय उपयोग. मी तुला मार्चमध्येच ओळखलं. आत जाऊन तिला सांग. ती समजते, तिनेच माझा हात घालवला. रोज तो रुमाल बदलताना समजते."

ऐली स्वयंपाकघरात ताटल्या पुसत होती. मी आल्याचं तिला कळलं होतं, वळली नाही. मी टेबलापाशी उभी राहिले आणि बोलले. नोंदीत काय दिसलं ते सांगितलं. म्हटलं, त्यांचा हात परत येत होता तो माझ्या व्यायामाने नाही, तुमच्या. खांद्याला तुमच्यामुळे काही झालेलं नाही, होणारही नव्हतं. तुम्ही कोपराला खालून धरत होता. आम्ही शिकवतो तसंच.

तिचे हात थांबले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

गेल्या गुरुवारी, असं म्हणता आलं असतं. फाईल उघडली तेव्हा. तिला ते खरं वाटलं असतं.

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "दारातून बघितलं तेव्हाच. मला राग आला होता म्हणून खांद्याचं बोलले."

ऐलीने हातातली ताटली पुसून पूर्ण केली. ती मांडणीत ठेवली, दुसरी घेतली, तीही पुसली. सगळ्या झाल्यावर फडकं झटकून नळावर वाळत घातलं. मग वळली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिचा चेहरा नुसता दमलेला होता, जसा खूप वेळ ओझं धरून ठेवलेल्या माणसाचा दिसतो.

"तीन महिने," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"तुम्ही आता जा," ती म्हणाली. "आज मला तुमच्याकडे बघवणार नाही. तो सैल करायचा ताण कसा द्यायचा, ते गुरुवारी येऊन मला दाखवा. मला दाखवा, कागदावर नको."

मी बूट घातले. बाहेर पडताना खिडकीतून दिसलं, ती मागच्या दाराने बाकापाशी गेली होती. त्यांच्या डाव्या बाजूला बसली. त्यांचा हात उचलून तिने आपल्या मांडीवर घेतला, एक हात मनगटाला, एक कोपराखाली, आणि हलवला नाही, नुसता धरून बसली.